केजन मुलखातलं घर: वाचकांची पत्रं आणि उत्तरं

गेल्या अंकात मी अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या अकेडिया पॅरिशमधल्या आमच्या संसाराबद्दल लिहिलं होतं. यजमान भाताच्या बियाण्यांवर काम करायचे, मी गावच्या सार्वजनिक वाचनालयात काउंटरवर बसायचे, आणि आजूबाजूला सगळी केजन, म्हणजे जुन्या फ्रेंच वंशाची माणसं. आता आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात परत आलो आहोत. त्या लेखावर इंदूरखेरीज ग्वाल्हेर आणि वडोदऱ्याहूनही पत्रं आली. सारख्या आशयाची पत्रं मी एकत्र केली आहेत. एका पत्राला इतरांपेक्षा बरीच जास्त जागा दिली आहे, कारण तो प्रश्न माझ्याही घरातला आहे.

काकू, माझा मुलगा फिजिओथेरपिस्ट आहे. त्याला लुइझियानातल्या एका पॅरिशमध्ये छोट्या हॉस्पिटलात नोकरी लागली आहे. पॅरिश म्हणजे चर्चची वसाहत असते का? सून अंडंसुद्धा खात नाही. ती दोघं तिथे राहतील कशी, खातील काय? (एक आई, दांडिया बाजार, वडोदरा)

पॅरिश म्हणजे तिथला जिल्हा. अमेरिकेत बहुतेक राज्यांत जिल्ह्याला काउंटी म्हणतात, लुइझियानात पॅरिश. असे ६४ पॅरिश आहेत. फ्रेंच आणि स्पॅनिश अमलात चर्चच्या हद्दींवरून मुलूख ओळखला जाई, तेच नाव पुढे चालू राहिलं. कारभार मात्र पूर्ण सरकारी. पुष्कळशा ग्रामीण पॅरिशमध्ये निवडून आलेल्या मंडळाला पोलीस ज्युरी म्हणतात. त्याचा पोलिसांशी संबंध नाही, रस्ते, पूल आणि नाले बघणं हे त्याचं काम. तुमच्या मुलाला कुणी चर्चमध्ये ओढून नेणार नाही. वर्षाचं वेळापत्रक मात्र चर्चवरून चालतं, हे तुम्ही मनात धरून ठेवा. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपासाचे, त्यातल्या शुक्रवारी मांस बंद. मग गावोगावी तळलेल्या माशांची पंगत बसते.

जेवणात भात रोज असतो, ही तुमच्या सुनेसाठी चांगली बातमी. आमचं क्राउली गाव तर भातावरच उभं आहे, तिथे १९३७पासून तांदळाचा उत्सव भरतो. पॉपकॉर्न राइस नावाचा एक वासाचा तांदूळ त्या राज्यात पिकतो, तो जरूर घ्यायला सांगा. अडचण भाताबरोबरच्या पदार्थांची आहे. राजमा, पालेभाजी, वाल, सगळ्यांत डुकराच्या मांसाचा तुकडा चवीला टाकलेला असतो, आणि ‘यात मांस आहे का?’ असं विचारलं तर यजमानीण अगदी मनापासून ‘नाही’ म्हणते, कारण चवीपुरता टाकलेला तुकडा तिच्या हिशेबात मांस नसतो. म्हणून सुनेनं विचारताना नावं घेऊन विचारावं: सॉसेज आहे का, हॅम आहे का, कोंबडीच्या पाण्यात शिजवलंय का.

गम्बो मात्र तिनं घरी जरूर करून पाहावा. तेल आणि मैदा सारख्या मापानं घेऊन मंद आचेवर ढवळत राहायचं. भाजणी भाजताना जसा हात थांबवता येत नाही तसंच. रंग बदामी, मग तांबूस, मग चॉकलेटी होतो. याला रू म्हणतात. जळाला, काळे ठिपके दिसले, की फेकून द्यायचा, दुसरा इलाज नाही. मग त्यात बारीक चिरलेला कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची. वर भरपूर भेंडी आणि पाणी. भेंडी तिथे उन्हाळ्यात घराघरांच्या परसात असते. ती आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर त्या मुलखात आली आणि गम्बो हे नावही त्यांच्याच भाषांमधलं. भाताबरोबर हा शाकाहारी गम्बो माझ्या केजन शेजारणीनं दोनदा मागून खाल्ला आहे.

भारतीय सामान लाफियेटसारख्या मोठ्या गावात मिळतं. तिथवर जायला गाडी लागते. किराणा, दवाखाना, पोस्ट, कशालाही गाडीच लागते. बस नाही, रिक्षा नाही. म्हणून माझा सगळ्यांत महत्त्वाचा सल्ला जेवणाबद्दल नाहीच. सुनेला इथूनच गाडी चालवायला शिकवून पाठवा. मी अशा मुली पाहिल्या आहेत, ज्या नवरा कामावरून येईपर्यंत भाताच्या खाचरांकडे बघत दिवस काढायच्या. त्यांना त्या गावात काय वाईट होतं ते कळलं नाही आणि काय चांगलं होतं तेही नाही.

आपल्या लेखात केजन लोक ‘हाकलून दिलेले’ असा उल्लेख होता. कोणी हाकललं, केव्हा? थोडा इतिहास द्यावा. (निवृत्त शिक्षक, लष्कर, ग्वाल्हेर)

सर, आज कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कॉशिया आहे, तो भाग एके काळी अकेडी म्हणून ओळखला जाई. सतराव्या शतकात फ्रान्सहून आलेले शेतकरी तिथे राहिले. समुद्राच्या भरतीला बांध घालून खारजमीन लागवडीला आणणं हे त्यांचं कसब. १७१३च्या तहात मुलूख इंग्रजांकडे गेला. राजाशी बिनशर्त एकनिष्ठेची शपथ घ्या, असा लकडा सुरू झाला. हे म्हणायचे, शपथ घेऊ, पण फ्रान्सवर शस्त्र उचलणार नाही. १७५५मध्ये तिथला इंग्रज अधिकारी चार्ल्स लॉरेन्स यानं त्यांना उठवण्याचा हुकूम काढला. ग्रां-प्रे गावात पुरुषांना चर्चमध्ये बोलावून तो वाचून दाखवला: जमीन, गुरं, सगळं राजाचं झालं, तुम्ही जहाजात बसा. घरं जाळली. किनाऱ्यावरच्या इंग्रज वसाहतींत त्यांना थोडं थोडं करून पांगवलं. हे १७६३पर्यंत चालू होतं. दहा हजारांच्या आसपास माणसं देशोधडीला लागली आणि हजारो रोगराईनं किंवा जहाजं बुडून मेली.

१७६५मध्ये जोसेफ ब्रुसार्ड नावाचा त्यांचा एक लढवय्या पुढारी दोनशेच्या आसपास लोकांना घेऊन लुइझियानात पोचला. लोक त्याला बोसोलेय म्हणत. तिथे फ्रेंच बोलली जायची, पण राज्य स्पेनचं झालं होतं. स्पेनला वस्ती हवी होती, त्यांना जमीन हवी होती. पुढे १७८५मध्ये फ्रान्समध्ये अडकलेले सोळाशेच्या आसपास अकेडियन सात जहाजांतून येऊन मिळाले. अकेडियनचं बोलीत केजन झालं.

ही सालं वाचताना तुमच्या मनात जे येईल ते माझ्याही आलं होतं. १७६१ म्हणजे पानिपत. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्याबरोबर आपली घरं ज्या दशकांत उत्तरेत आणि गुजरातेत रुजत होती, त्याच दशकांत ही माणसं दलदलीत झोपड्या बांधत होती. दोघंही मूळ गावापासून दूर आले, दोघांनीही अडीचशे वर्षं काढली. पण आपण राज्यकर्त्यांच्या बरोबर आलो, दफ्तरं आणि वतनं घेऊन आलो, आणि ते जहाजातून उतरवलेले होते. हा फरक झाकून तुलना करू नये, असं मला वाटतं.

त्यांनाही निव्वळ पीडित म्हणून पाहू नये. त्यांच्यातले काही पुढे उसाचे मळेवाले झाले आणि त्यांनी गुलाम ठेवले. अलेक्झांडर मूटाँ हा अकेडियन वंशाचा माणूस राज्याचा गव्हर्नर झाला आणि १८६१मध्ये लुइझियानाला अमेरिकेतून फोडणाऱ्या परिषदेचा अध्यक्षही. त्याच मातीत कृष्णवर्णीय क्रिओल लोक राहतात, तेही फ्रेंच बोलत, आणि ऑपलुसासच्या बाजूला क्लिफ्टन शेनियेसारख्यांनी अकॉर्डियनवर झायडको, म्हणजे त्यांचं नाचाचं संगीत, वाजवून जगभर नेलं. गम्बो, संगीत, बोली यांतलं काहीच एकट्या केजनांचं नाही.

एक शेवटची गोष्ट तुम्हाला आवडेल. व्हर्मिलियन पॅरिशमधले वकील वॉरन पेरॅं यांनी १९९०मध्ये ब्रिटिश राणीकडे अर्ज केला, की या हकालपट्टीबद्दल माफी मागा. लोक हसले. ते चिकटून राहिले. २००३च्या डिसेंबरात राणीच्या नावानं जाहीरनामा निघाला, त्यात झालेला अन्याय मान्य केला आणि २८ जुलै हा स्मरणदिन ठरला. नुकसानभरपाई एक पैशाची नाही. तरी आमच्या वाचनालयात म्हातारी माणसं त्या जाहीरनाम्याची प्रत मागायला यायची, घडी घालून पाकिटात ठेवायची.

ताई, खरं सांगा, अशा गोऱ्यांच्या खेड्यात भारतीय माणसाला कसं वागवतात? (बी.ई.चा विद्यार्थी, सुदामा नगर, इंदूर)

खरंच सांगते. पेट्रोल पंपावर एका माणसानं मला माझ्या देशात परत जायला सांगितलं होतं. आमच्यासारख्या अनेक गावांत रेल्वेच्या रुळांच्या एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला काळे, ही जुनी वाटणी आजही डोळ्यांना दिसते. ती पाहून मला कधी बरं वाटलं नाही, आणि तू गेलास तर तूही ती पाहायला शिक.

आणि हेही खरं, की त्या गावात मला कुणी अनोळखी राहू दिलं नाही. पहिला प्रश्न असायचा, तुम्ही कुणाच्या? कुठल्या घरातल्या? ब्रुसार्ड, लँड्री, हेबर्ट, गिड्री, टिबोडो, नावं ऐकली की त्यांना घराणं, गाव, आजोळ, सगळं कळतं. वंशावळीचं वेड इतकं, की आमच्या वाचनालयातली सर्वांत झिजलेली पुस्तकं म्हणजे जन्म, लग्न आणि मृत्यूच्या नोंदींचे खंड. फादर डोनाल्ड हेबर्ट नावाच्या धर्मगुरूंनी चर्चच्या आणि कोर्टाच्या वह्या उतरवून ते काढले आहेत. मी एकदा आमचा कुलवृत्तांत नेऊन दाखवला. तेलाच्या विहिरींवर आयुष्य घालवलेले एक निवृत्त गृहस्थ ते देवनागरी पान कितीतरी वेळ बघत बसले आणि मला पिढ्या मोजून दाखवायला लावल्या. त्यानंतर मी गावात कुणाची तरी झाले.

बाईला तिथे ‘मिस’ लावून पहिल्या नावानं हाक मारतात, वय कितीही असो. धर्मपिता पारॅं, धर्ममाता ननॅं, आणि ही नाती सख्ख्याइतकी मोठी. एक प्रथा मला फार भावली. तिथे ट्रेटर (फ्रेंचमध्ये ‘उपचार करणारा’) नावाचे लोक असतात, उन्हाचा त्रास, चामखीळ, नागीण यांवर प्रार्थना करून हात ठेवतात. त्यांना पैसे द्यायचे नाहीत आणि आभारही मानायचे नाहीत. शेजारचे आजोबा यजमानांसाठी आले, प्रार्थना पुटपुटली, आणि कॉफी पिऊन गेले. औषध आम्ही डॉक्टरचंच घेतलं, तूही तेच घ्यावंस. पण गरजेला आलेल्या माणसानं आभारसुद्धा घेऊ नयेत असं ज्या समाजाला वाटतं, त्याबद्दल मला आदर आहे.

नोकरीचं म्हणशील तर तेलाचा भाव पडला की गाव पडतं. समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर दोन आठवडे काम, दोन आठवडे घरी, अशा पाळ्यांवर अर्ध्या गावाचा संसार चालतो. तरुण ह्युस्टनला जातात. तू इंजिनिअर म्हणून जाणार असशील तर हे आधी तपास.

माझे पणजोबा होळकरांच्या दफ्तरात होते. मुलगा, सून, दोन नातवंडं, सगळे एका घरात. नातवंडांना मराठी समजते, पण उत्तर हिंदीत येतं. तुम्ही लिहिलंत, की केजन मुलांना शाळेत फ्रेंच बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. आमच्या नातवंडांना तर कुणी कधी शिक्षा केली नाही. मग असं का होतं? आणि काही करता येईल का? (एक आजोबा, लोकमान्य नगर, इंदूर)

काका, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. माझी नातही हिंदीतच उत्तर देते.

शिक्षेची गोष्ट आधी नीट सांगते. १९१६मध्ये लुइझियानात शाळा सक्तीची झाली आणि १९२१च्या राज्यघटनेनं सरकारी शाळेत फक्त इंग्रजीतून शिकवायचं ठरवलं. घरी फक्त फ्रेंच ऐकलेली सहा वर्षांची मुलं वर्गात बसली. लघवीला जायचं कसं विचारावं हे इंग्रजीत येत नव्हतं म्हणून कपडे ओले झालेली मुलं होती, आणि हे मला त्या मुलांनीच, म्हणजे ऐंशीच्या घरातल्या माणसांनी, काउंटरशी उभं राहून सांगितलं आहे. मैदानात फ्रेंच शब्द तोंडून निघाला तर ‘मी शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही’ हे वाक्य शेकडो वेळा लिहायचं, नाहीतर मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकून बसायचं. शिक्षा करणारे मास्तर पुष्कळदा स्वतः केजनच होते.

पण भाषा तेवढ्यानं गेली नाही. ही मुलं घरी येऊन फ्रेंचच बोलत. ती गेली पुढच्या पिढीत. शिक्षा झालेली मुलं मोठी झाली, दुसऱ्या महायुद्धावर गेली. फ्रान्समध्ये त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी अमेरिकन सैन्यासाठी दुभाष्याचं काम केलं, ती बोली तिथे उपयोगी पडली. मग परत आले, तेलाच्या नोकऱ्या लागल्या, टीव्ही आला, आणि त्यांनी ठरवलं की आपल्या मुलांना हा त्रास नको. मुलांशी इंग्रजीत बोलायचं. फ्रेंच उरली मोठ्यांची, आपसातली. नाताळच्या भेटी कुठे लपवल्या, काकांचं काय बिघडलं, शेजारणीनं काय केलं, हे सगळं फ्रेंचमध्ये, मुलांना कळू नये म्हणून. म्हणजे घरातलं जे जे चविष्ट होतं ते त्या भाषेत, आणि मुलं दाराबाहेर. माझ्या बरोबरीच्या केजन बायका सांगायच्या, आम्हाला आईच्या आवाजाची चाल कळायची, अर्थ कळायचा नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. आपल्या इंदुरात शाळेनं मारलं नाही, पण दुसरा अर्धा भाग आपण स्वतःहून केला. मुलगा मुख्याध्यापकांसमोर अडखळू नये म्हणून हिंदी, नोकरीसाठी इंग्रजी. मराठी राहिली आरतीला, अथर्वशीर्षाला आणि पुण्याचे पाहुणे आले की दाखवायला. इंदूरला १९१७, १९३५ आणि २००१मध्ये साहित्य संमेलनं झाली, ग्वाल्हेरला १९६१मध्ये, वडोदऱ्याला तर चार झाली. त्यांचा मला अभिमान आहे. पण मंडपात बोललेली भाषा नातवंडाच्या तोंडी येत नाही.

केजनांनी पुढे काय केलं ते ऐका, त्यात आपल्या कामाचं पुष्कळ आहे. १९६८मध्ये राज्यानं फ्रेंचच्या जपणुकीसाठी कोडोफिल नावाची संस्था काढली, तिचा कर्ता पुरुष लाफियेटचे वकील जेम्स डोमाँजो. १९७४च्या राज्यघटनेत तर लोकांना आपली भाषा आणि संस्कृती जपण्याचा हक्क आहे असं कलमच घातलं. फ्रान्स, बेल्जियम, क्युबेकहून शिक्षक आणले. पण ते शिकवत होते पुस्तकी फ्रेंच. मूल घरी येऊन आजीला म्हणे, तू चुकीचं बोलतेस. आजीला शाळेत असताना फ्रेंच बोलल्याबद्दल लाज वाटायला लावली होती, आणि आता तीच फ्रेंच अशुद्ध म्हणून पुन्हा लाज. कितीतरी आज्या गप्प झाल्या. हे ऐकताना मला आपली पुण्याची मंडळी आठवत होती, जी इंदूरच्या मुलाचं ‘मी येऊन राहिलो आहे’ ऐकून हसतात. काका, तुमच्या नातवंडांच्या मराठीला घरात कुणालाही हसू देऊ नका. पाहुण्यालाही नाही. ‘मैं आता हूं’ म्हणणाऱ्या मुलानं ‘मी येऊन राहिलो’ म्हटलं तर तो आपल्याकडे आला आहे, त्याला परत पाठवू नका.

तिथे जे चाललं ते असं. काही शाळांत गणित, विज्ञान सगळं फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली आणि स्थानिक बोलीला जागा मिळाली. २०२३मध्ये टेरबोन पॅरिशमधल्या पॉइंत-ओ-शिएनला तर फ्रेंच माध्यमाची स्वतंत्र सरकारी शाळा निघाली, दलदलीच्या टोकाला, केजन आणि मूळनिवासी मुलांसाठी. व्हिल प्लाटच्या रेडिओवर सकाळी फ्रेंच गप्पांचा कार्यक्रम चालायचा. गावोगावी फ्रेंच टेबल असतं: ठरलेल्या दिवशी कॉफीला जमायचं, विषय कुठलाही, भाषा फ्रेंच. आमच्या वाचनालयातही असं टेबल बसायचं आणि कॉफी लावायचं काम माझ्याकडे होतं. तिथे व्याकरण कुणी काढलं नाही. मासे, पाऊस, कुणाचं ऑपरेशन, जुने विनोद. विनोद इंग्रजीत सांगायला गेलं की मरायचे, म्हणून तरुण मुलं अर्थ विचारत बसायची, आणि त्यातून शिकायची. फिडल आणि अकॉर्डियन शिकणारे पोरगेही असेच यायचे. गाणी कानानं पाठ, मग एक दिवस वाटायचं, आपण गातोय ते काय आहे?

आता तुमचं घर. तुमच्या हाती एक गोष्ट आहे जी केजनांकडे नव्हती. त्यांच्या म्हाताऱ्यांना फ्रेंच बोलता यायची, वाचता येत नसे, कारण शाळा इंग्रजी. तुमच्या नातवंडांना देवनागरी येते, हिंदीमुळे. म्हणजे मराठी गोष्टीचं पुस्तक ती आजच वाचू शकतात. पहिली काही पानं अडखळतील, एवढंच. मोठ्यानं तुम्ही वाचा, उत्कंठेच्या जागी थांबा आणि पुस्तक टेबलावर ठेवून फिरायला जा.

दुसरं, मराठीत त्यांना काम द्या. ‘मराठीत बोल’ हे काम नव्हे, तो हुकूम झाला. पोह्यांची फोडणी तुम्ही करा आणि जिन्नस त्यांना द्यायला सांगा, मराठीत. ग्वाल्हेरच्या मावशीला फोन करून औषध घेतलं का विचारायला लावा. तिला हिंदी येत असली तरी मराठीतच बोलायचं, असं तिला आधीच सांगून ठेवा.

तिसरं, आणि हे मी केजनांच्या घरातून शिकले: घरातलं गुपित, थट्टा, नातेवाइकांच्या भानगडी, तुमच्या लहानपणी राजवाड्यापाशी तुम्ही काय उद्योग केलेत ते, हे सगळं मराठीत सांगा, आणि मुलांना आत घेऊन सांगा. चांगल्या गोष्टी ज्या भाषेत घडतात तिच्याकडे मूल आपोआप सरकतं. श्लोक सोडा असं मी म्हणत नाही, पण श्लोकांत मुलाला उलट उत्तर देता येत नाही, आणि भाषा उलट उत्तरानंच येते.

मुलगा दमून येतो, त्याच्यावर हे ओझं टाकू नका. सून हिंदीभाषक असेल तर तिला अजिबात दोष देऊ नका. तुम्ही घरात आहात, वेळ तुमच्याकडे आहे. तुम्ही एकट्यानं मराठीतच बोलत राहा, हिंदीत उत्तर आलं तरी न रागावता मराठीतच पुढचं वाक्य. आणि लोकमान्य नगरात तुमच्यासारखी आणखी घरं असतीलच. आठवड्यातून एकदा चार आजी-आजोबा आणि त्यांची नातवंडं एका ओसरीवर जमली, भुट्ट्याचा कीस केला, आणि कुणी कुणाला सुधारलं नाही, तर मला कळवा. मी येईन, माझ्या नातीला घेऊन.

तिथे मगरी आणि वादळं असतात म्हणे. आम्हाला विश्वामित्रीच्या पुरामुळे दोन्हींची थोडी सवय आहे! (दोघी मैत्रिणी, मांजलपूर, वडोदरा)

तिथली ॲलिगेटर तुमच्या मगरीपेक्षा सहसा लाजाळू. शिकारीनं ती इतकी घटली होती, की राज्यानं १९६२मध्ये शिकार बंद केली. संख्या वाढल्यावर १९७२मध्ये परवान्यानं पुन्हा सुरू केली. आज नाल्यात, खाचराच्या कडेला सहज दिसतात. खाऊ घालू नये, कुत्र्याला पाण्याकाठी नेऊ नये, बस्स.

वादळाची गोष्ट वेगळी. १९५७च्या जूनमध्ये ऑड्री वादळात कॅमेरून पॅरिशमध्ये आणि आसपास चारशेहून जास्त माणसं गेली, समुद्राचं पाणी रात्रीतून चढलं. २००५मध्ये रीटा आलं. २०२०च्या ऑगस्टमध्ये लॉरा आणि ऑक्टोबरात त्याच पट्ट्यावर डेल्टा, छपरांवरच्या निळ्या ताडपत्र्या उतरायच्या आत. जनरेटर, पाण्याचे कॅन आणि विम्याचे कागद जूनच्या आधी तयार ठेवतात. बाहेर पडा असा हुकूम निघाला की पडायचं. ज्यांनी ऑड्री पाहिलं आहे ते वाद घालत नाहीत, आणि विम्याचे हप्ते इतके वाढलेत की समुद्राकडची कितीतरी घरं पुन्हा बांधलीच गेली नाहीत. मला तिथल्या सगळ्या दुःखांत हे मोठं वाटतं. १७५५नंतर रुजलेली माणसं पुन्हा उठताहेत, या वेळी पाण्यामुळे.

आम्ही पती-पत्नी मुलीकडे टेक्ससला जाणार आहोत. चार दिवस काढून केजन मुलूख पाहता येईल का? कोणत्या महिन्यात जावं? (ग्वाल्हेर)

जरूर. ह्युस्टनहून गाडीनं तीन-साडेतीन तासांत लाफियेट. ऑक्टोबरात हवा बरी असते, त्याच सुमारास लाफियेटला केजन आणि क्रिओल संगीताचा मोठा मोफत उत्सव भरतो, आणि भाताची कापणी झालेली असते. कापलेल्या खाचरांत पुन्हा पाणी सोडून त्यांत क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले कोळंबीसारखे नांगीवाले जीव, वाढवतात, ते हिवाळ्यात आणि वसंतात काढतात. उकडलेल्या क्रॉफिशची पंगत पाहायची असेल तर मार्च-एप्रिल. मार्डी ग्राला, म्हणजे ईस्टरआधीचे उपास सुरू होण्याच्या आदल्या दिवशीच्या सणाला, साधारण आपल्या माघ-फाल्गुनात, मामू आणि युनिस या गावांत मुखवटे घातलेले, रंगीत चिंध्यांच्या झालरी लावलेले लोक घोड्यांवरून घरोघर गम्बोचं सामान मागत फिरतात आणि चिखलात कोंबडीमागे धावतात. ते पाहायचं तर जाड बूट न्या.

लाफियेट आणि युनिस दोन्हीकडे राष्ट्रीय उद्यान खात्याची अकेडियन संस्कृतीची केंद्रं आहेत, तिथून सुरुवात करा. युनिसच्या लिबर्टी थिएटरात शनिवारी संध्याकाळी फ्रेंच निवेदनाचा संगीताचा कार्यक्रम होत आला आहे, निघण्याआधी फोन करून खात्री करा. तिथे म्हातारी जोडपी वॉल्ट्झ नाचायला उठतात आणि अनोळखी माणसालाही हात धरून उठवतात. शनिवार युनिससाठी मोकळा ठेवा, बाकीचे दिवस कसेही लावा.